सज्जतेची झडती

वसईचा किल्ला पाहून परतणाऱ्या माणसाच्या लक्षात सहसा दोन गोष्टी राहतात: चिमाजी अप्पांचा निर्धार आणि सेबास्तियन बुरुजाखाली उडालेले सुरुंग. दोन्ही खऱ्या आहेत. पण मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली त्या लढाईला कागदांतली एक बाजूही आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी वळत नाही. लढाईच्या नऊ वर्षे आधी, १७२८ मध्ये, पोर्तुगिजांनी आपल्या उत्तर प्रांतातल्या किल्ल्यांची आणि गढ्यांची पाहणी करून अहवाल लिहिला होता. कुठे किती शिबंदी आहे, तोफा किती आहेत, तट कशाचा आणि किती उंच आहे, याची त्यात नोंद होती. १८८२च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरने या अहवालाचा आधार ठिकठिकाणी घेतला आहे, त्यामुळे तो आपल्यापर्यंत पोचला. म्हणजे काय कमी आहे हे लिस्बन आणि गोव्याच्या दरबारांना ठाऊक व्हायला हरकत नव्हती. १७३७च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी मराठी फौज साष्टीत उतरली तेव्हा ठाण्याचा किल्ला बांधून पुरा झालेला नव्हता. ठाणे पडले, अर्नाळा पडला. वसईने मात्र दोन वर्षे दम धरला आणि मे १७३९ मध्येच ती शरण आली. एकाच राजाच्या, एकाच प्रांतातल्या ठाण्यांची ही कथा. एका ठिकाणची भिंत अर्धवट, दुसऱ्या ठिकाणी सुरुंग लावल्याशिवाय खिंडार पडेना.

हे पुस्तक त्या फरकाविषयी आहे. लष्करी तुकडी नियमाप्रमाणे चालते का आणि उद्या पहाटे लढायला निघू शकते का, हे कोण, कसे आणि केव्हा तपासतो, याविषयी आहे. विषय रुक्ष वाटेल. तपासणी म्हटली की चुना मारलेल्या विटा, घासून चकचकीत केलेले पितळ आणि रांगेत मांडलेले बूट डोळ्यांपुढे येतात. पण गेली कित्येक वर्षे हे कागद वाचताना माझे मत पक्के होत गेले आहे: सैन्याचा खरा इतिहास लढायांच्या वर्णनांत जेवढा सापडतो, तेवढाच झडतीच्या याद्यांत आणि हजेरीपटांत सापडतो. लढाई एका दिवसाची असते. तिचा निकाल ठरवणारी दारू कोरडी आहे की ओली, हे आदल्या पावसाळ्यात ठरलेले असते.

मी तुळिंजला राहतो, नालासोपारा स्टेशनच्या पूर्वेला. इथून दक्षिणेला वसईचा किल्ला आणि वायव्येला अर्नाळा, दोन्ही साधारण दहा-बारा किलोमीटरवर. जुलैत आमचे रस्ते पाण्याखाली जातात, भिंतींना ओल येते, कपाटातली वही दमट होते आणि लोखंड आठवड्यात तांबूस पडते. या हवेत तोफेची दारू चार महिने कोरडी ठेवणे ही काय गोष्ट असेल, हे इथे राहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. म्हणूनच मराठी राज्यकारभारातल्या ज्या ग्रंथाने या प्रश्नाचा सर्वांत बारकाईने विचार केला, तो मला आमच्याच किनाऱ्यासाठी लिहिल्यासारखा वाटतो.

तो ग्रंथ म्हणजे आज्ञापत्र. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या काळात लिहिले गेलेले, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखले जाणारे. त्यातल्या दुर्गांच्या प्रकरणात दारूखान्यासाठी जागा कशी निवडावी हे सांगितले आहे: घरांपासून दूर, वाऱ्याच्या खाली येणार नाही अशी, भोवती निर्गुडीसारख्या झाडांचे दाट कुंपण, खाली तळघर, तळघरात चुन्याचा गच, त्यावर माच, आणि माचावर दारूची मडकी. इथपर्यंत हा बांधकामाचा नियम झाला. खरा नियम त्यापुढे आहे. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः यावे, दारू, बाण वगैरे बाहेर काढावे, ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावे. पावसाळ्यापूर्वी तोफांना आणि दरवाजांना तेलमेण द्यावे, तोफांच्या कान्यांत मेण भरावे. तटाच्या सांध्यांत रुजलेली झाडे वरचेवर कापावीत, गवत जाळावे. गडावरचा केरही खाली न फेकता जागच्या जागी जाळावा आणि राख परसात टाकून त्यावर भाजीपाला करावा.

या सगळ्यात हवालदाराने ‘स्वतः’ यावे, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. दारू सुकवण्याचे काम कोणीही शिपाई करू शकेल. पण मुद्रा फोडून, डोळ्यांदेखत बाहेर काढून, पुन्हा मुद्रा करण्याची जबाबदारी गडाच्या प्रमुखावर टाकली की तपासणी आणि देखभाल ही दोन वेगळी कामे उरत नाहीत. पाहणारा आणि जबाबदार माणूस एकच होतो. शिवाय हे काम वर्षातून एकदा गाजावाजा करून व्हायचे नाही. पंधरवड्याच्या आत ते पुन्हा करायचे आहे. यामागची जाणीव अगदी साधी आणि अगदी खोल आहे. सज्जता मिळवून ठेवता येत नाही, ती नासते. दमट हवेत दारू नासते, बसून घोडा नासतो, सरावाविना हात नासतो. ज्या वस्तूला नासण्याची सवय आहे, तिची तपासणी वार्षिक असून भागत नाही.

हा विचार आज्ञापत्राच्याही फार आधीचा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या अध्यक्षाला शस्त्रे वारंवार जागा बदलून ठेवायला, त्यांना ऊनवारा द्यायला सांगितले आहे. राजाच्या दिनक्रमातही एक भाग हत्ती, घोडे, रथ आणि आयुधांच्या पाहणीसाठी राखलेला आहे. कौटिल्याचा अध्यक्ष घोड्यांच्या नोंदी ठेवतो: जात, वय, रंग, खुणा, कुठून आला. दीड-दोन हजार वर्षांनंतर अकबराने घोड्याला डाग देण्याची आणि स्वाराचा चेहरा नोंदवण्याची पद्धत सक्तीची केली तेव्हा कारण तेच होते. जो घोडा पगाराला दाखवला तोच लढाईला आला पाहिजे.

आता शिवकालाकडे येऊ, कारण झडती मराठी सैन्याच्या इतिहासात सर्वांत ठळकपणे तिथे भेटते. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९०च्या दशकात, जिंजीत, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून शिवाजी महाराजांची बखर लिहिली. तीत फौजेचे वर्षाचे चक्र दिले आहे. पावसाळ्यात फौज स्वराज्यात छावणीला येई. तिथे आधीच दाणा, वैरण, औषधे, माणसांना घरे आणि घोड्यांना पागा तयार असत. दसरा झाला की फौज मुलूखगिरीला निघे. निघताना लहानथोर सगळ्यांच्या जवळच्या चीजवस्तूंची यादी होई. मग आठ महिने परमुलखात. वैशाखाच्या सुमारास परत येताना स्वराज्याच्या सरहद्दीवरच सगळ्या लष्कराची झडती होई. निघतानाच्या यादीशी मेळ घालून जे जास्त निघेल त्याची किंमत वेतनातून वजा होई, मोलाची चीज सरकारात जमा होई आणि लपवणाऱ्याला शिक्षा होई. त्यानंतर सरदारांनी हिशेब घेऊन महाराजांपुढे यायचे. ज्यांनी कामगिरी केली त्यांची बढती, ज्यांनी नियम मोडला त्यांची चौकशी.

या रचनेची चार वैशिष्ट्ये आजच्या कोणत्याही तपासणी अधिकाऱ्याने विचारात घ्यावीत अशी आहेत, आणि ती एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत की सुटी करून दाखवणे अवघड जाते. आधीची यादी नसेल तर नंतरच्या झडतीला अर्थ नाही, कारण जास्त काय आले हे ठरवणार कशावरून? झडती छावणीत पोचल्यावर घेतली तर वाटेतल्या गावांत माल मुरून गेलेला असेल, म्हणून ती सरहद्दीवर घ्यायची. झडतीचा निकाल वेतनाशी जोडला नाही तर ती नुसती करमणूक. आणि झडती केवळ चोर पकडण्यासाठी असेल तर शूर माणूस तिचा तिरस्कार करील, म्हणून तिच्याच शेवटी बढतीही द्यायची. हल्ली तपासणी म्हणजे दोष शोधणे असे सगळीकडे झाले आहे. सभासदाच्या फौजेत तपासणीच्या शेवटी मोठेपणही वाटले जाई, हे विसरता कामा नये.

किल्ल्यांवरची व्यवस्था वेगळ्या तत्त्वावर होती. तिथे हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन अधिकारी, साधारण बरोबरीचे, शिवाय कोठाराचा कारखानीस. दरवाजे आणि किल्ल्या हवालदाराकडे, शिबंदी सरनोबताकडे, हजेरी आणि हिशेब सबनिसाकडे, धान्य आणि सामान कारखानिसाकडे. ते मुद्दाम वेगवेगळ्या जातींतले नेमले जात, म्हणजे एकाने किल्ला शत्रूला देतो म्हटले तरी बाकीच्यांशी त्याचे सहज जमू नये. आज्ञापत्रात त्यांच्या बदल्यांची मुदतही आहे: हवालदार तीन वर्षांनी, सरनोबत चार वर्षांनी, सबनीस आणि कारखानीस पाच वर्षांनी. मुदती एकसारख्या नाहीत याचा फायदा उघड आहे. सगळे एकदम बदलत नाहीत, त्यामुळे नवा आलेला हवालदार जुन्या सबनिसाच्या वहीवरून मागच्याचे काम तपासू शकतो. सतत चालणारी अंतर्गत तपासणी ती हीच, आणि तिच्यासाठी बाहेरून कोणाला पाठवावे लागत नाही.

शिवाजी महाराजांचे एक पत्र इथे आठवल्यावाचून राहवत नाही. राज्याभिषेकाच्या थोडे आधीचे, चिपळूणजवळ दळवटणे भागात हलवर्ण इथे छावणीला असलेल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेले. पावसाळ्यासाठी दाणागोटा आणि गवत जमवून दिले आहे, ते पुरवून वापरा. आता उधळाल तर पुढे घोडे मरतील, मग लोक गावात जाऊन कोणाचे धान्य, कोणाची भाजी, कोणाचे लाकूड आणू लागतील आणि रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटू लागतील. एवढे सांगून थांबले असते तरी पत्र थोर ठरले असते. पण ते पुढे छावणीतल्या दिव्यांकडे वळते. रात्री दिवा जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात पळवून नेईल, गवताला आग लागेल, गवत गेले की घोडे गेले. राज्य उभे करणारा माणूस उंदराच्या तोंडातल्या वातीपर्यंत विचार करतो! ही तपासणी प्रत्यक्ष न जाता केलेली आहे. छावणीत काय बिघडू शकते याची यादी महाराजांच्या मनात इतकी पक्की होती की ती पत्रात उतरवता आली. चांगल्या तपासणी अधिकाऱ्याची परीक्षा मी याच कसोटीवर करतो. त्याला आधी बिघाडाची कल्पना करता आली पाहिजे.

पेशवाईत ही घडी विसकटली. रोख वेतनाऐवजी सरंजाम आले, सरंजामदाराने ठरलेल्या संख्येने घोडे बाळगावेत असा करार झाला, आणि कागदावरचे स्वार व मैदानावरचे स्वार यांत अंतर पडू लागले. गणतीच्या दिवसापुरते घोडे आणि माणसे उसनी आणण्याचा रोग आपल्याकडेच होता असे नाही, जगातल्या प्रत्येक कंत्राटी सैन्यात तो होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि ब्रिटिश सैन्याच्या कायद्यांत खोटी हजेरी लावणे हा लष्करी न्यायालयाचा गुन्हा होता, यावरून त्यांच्याकडेही तो किती होता हे दिसते. पण आपला तोटा मोठा झाला. ज्या सैन्याने सरहद्दीवर चीजवस्तूंची झडती घेण्याची शिस्त लावली, त्याच परंपरेतल्या सरदारांच्या फौजा पुढे गणतीच्या दिवशीच पूर्ण दिसू लागल्या. हे मला मराठी सत्तेच्या ऱ्हासाच्या मोठ्या कारणांपैकी एक वाटते, पराभवांच्या यादीत त्याला क्वचितच जागा मिळत असली तरी.

आजच्या सैन्यात काय होते? भारतीय लष्करातल्या बटालियनची वार्षिक तपासणी साधारणपणे ब्रिगेड कमांडर करतात. क्वार्टर गार्डची मानवंदना घेऊन दिवस सुरू होतो. मग कोत, म्हणजे जिथे हत्यारे साखळीत आणि कुलपात असतात ती जागा. गाड्यांची लाइन, लंगर, जवानांच्या बराकी, स्टोअर, लेजर, दप्तर. हत्यारांची आणि गाड्यांची तांत्रिक तपासणी वेगळी, लष्कराच्या ईएमई या यांत्रिकी दलाचे लोक करतात. राइफलची नळी आतून झिजली आहे का, ब्रेक धरतो का, हे ते पाहतात. शारीरिक क्षमतेची चाचणी वेगळी: युद्धाच्या पेहरावात, हत्यारासह पाच किलोमीटर धावणे, साठ मीटरची धाव, दोर चढणे, दोरावरून आडवे जाणे, नऊ फुटांचा खंदक ओलांडणे. शेवटी सैनिक संमेलन, जिथे कमांडर जवानांशी थेट बोलतो आणि जवान आपली अडचण उभे राहून मांडू शकतो. या शेवटच्या भागाला मी फार महत्त्व देतो. लेजरमध्ये बूट आले की नाही हे दिसते, ते पायाला बसतात की नाही हे जवानच सांगतो.

या सगळ्या तपासण्या दोन प्रश्न विचारतात. नियमाप्रमाणे आहे का? आणि लढता येईल का? पहिल्याचे उत्तर मोजता येते, म्हणून त्याचे फॉर्मवर जास्त रकाने असतात. दुसऱ्याचे उत्तर मोजायला तुकडीला खरोखर बाहेर काढावे लागते, रात्री, पावसात, न सांगता. त्यात खर्च आहे, धोका आहे आणि अपयश दिसण्याची भीती आहे. म्हणून जगभरातली सैन्ये पहिल्या प्रश्नाकडे घसरत राहतात आणि दुसरा अधूनमधून कोणीतरी जबरदस्तीने विचारावा लागतो.

असा जबरदस्तीने विचारलेला प्रश्न म्हणजे अमेरिकेच्या स्ट्रॅटेजिक एअर कमांडचा जानेवारी १९४९चा सराव. ऑक्टोबर १९४८ मध्ये कर्टिस लमे यांनी तिची सूत्रे हाती घेतली. अधिकारी सांगत होते, सगळे ठीक आहे. कागदांवरही तसेच होते. लमे यांनी सगळ्या विमानांना एका रात्री ओहायोमधल्या डेटन शहरावर खोटा हल्ला चढवायला सांगितले, शांततेच्या काळातल्या सोयीच्या उंचीवरून नव्हे तर युद्धात लागेल त्या उंचीवरून. एकही विमान ठरल्याप्रमाणे मोहीम पुरी करू शकले नाही. त्यानंतर त्यांनी पूर्वसूचना न देता होणाऱ्या तपासण्यांची शिस्त लावली आणि तिला अमेरिकन हवाई दलात पुढे अनेक दशके मोठा मान राहिला. या घटनेत मला लक्षात घेण्यासारखे वाटते ते हे की त्या कमांडमधली माणसे आळशी नव्हती. दुसऱ्या महायुद्धातून आलेले निष्णात वैमानिक होते. त्यांना कोणी तीन वर्षे खरा प्रश्न विचारलाच नव्हता.

आपल्याकडे अलीकडच्या काळात हा प्रश्न सर्वांत स्पष्टपणे विचारला तो लष्कराबाहेरच्या संस्थेने. भारताच्या नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांनी २०१५ मध्ये लष्कराच्या दारूगोळ्याच्या व्यवस्थापनावर अहवाल दिला आणि २०१७ मध्ये त्याचा पाठपुरावा केला. तीव्र युद्धाचे ४० दिवस पुरेल एवढा राखीव साठा असावा असा निकष होता. २० दिवसांचा साठा ही किमान धोक्याची पातळी मानली जाई. सप्टेंबर २०१६च्या स्थितीत तपासलेल्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकारांचा, म्हणजे चाळीस टक्क्यांचा, साठा दहा दिवसांनाही पुरणारा नव्हता. त्यातही तोफगोळ्यांच्या फ्यूजचा तुटवडा नोंदवला गेला. गोळा कोठारात आहे, पण त्याला स्फोट घडवणारा फ्यूज नाही. मोजणीच्या रकान्यात तो गोळा एक म्हणून येतो, लढाईत तो शून्य असतो. आज्ञापत्राचा हवालदार मडक्यांची संख्या मोजून परत गेला असता तर हेच झाले असते.

कोणी म्हणेल, अशी माहिती जाहीर होणे देशाला धोक्याचे आहे. हा आक्षेप मला हलका वाटत नाही. शत्रूही अहवाल वाचतो. पण महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेपुढे जातो, आणि सैन्याला पैसा संसदच देते. साठा कमी आहे हे पैसा देणाऱ्याला कळलेच नाही तर तो वाढणार कसा? १७२८च्या पोर्तुगीज अहवालाचे काय झाले ते आपण पाहिलेच. पाहणी झाली, लिहिली गेली आणि भिंत अर्धीच राहिली. निकाल योग्य माणसापर्यंत पोचणे आणि त्याने त्यावर काही करणे, हा तपासणीचाच भाग आहे.

तपासणी हे धोक्याचे कामही आहे, हे मुंबईच्या समुद्राने दाखवून दिले. २६ फेब्रुवारी २०१४च्या पहाटे आयएनएस सिंधुरत्न ही पाणबुडी दुरुस्तीनंतर मुंबईजवळच्या समुद्रात होती. तिची सज्जता पाहण्यासाठी पश्चिम नौदल कमांडच्या पाणबुडी विभागाचे वरिष्ठ अधिकारी तिच्यावर होते. पाण्याखाली असताना तिसऱ्या कप्प्यात आग लागली, धूर भरला. लेफ्टनंट कमांडर कपिश मुवाल आणि लेफ्टनंट मनोरंजन कुमार या दोन अधिकाऱ्यांना वीरमरण आले. दोघांनाही मरणोत्तर शौर्यचक्र देण्यात आले. त्याच दिवशी नौदलप्रमुख अॅडमिरल डी. के. जोशी यांनी गेल्या काही महिन्यांतल्या अपघातांची नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. त्याआधी सहा महिने, १४ ऑगस्ट २०१३ला, मुंबईच्या नौदल गोदीत आयएनएस सिंधुरक्षकवर स्फोट होऊन १८ नौसैनिक गेले होते. जे सज्जता तपासायला समुद्रात उतरतात त्यांचा जीवही पणाला लागतो. सज्जता नियमांच्या वहीत जशी असते तशी ती जुन्या केबलींत, बॅटऱ्यांत आणि थकलेल्या माणसांच्या झोपेतही असते. तिथे पोचणारी तपासणीच खरी.

आणि पोलिसांचे? लष्कर आणि पोलीस यांची कामे वेगळी आहेत, पण २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबईवरच्या अतिरेकी हल्ल्यात पोलिसांना सैन्यासारख्या तयारीच्या शत्रूशी लढावे लागले. त्यानंतर माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने जे तपासले त्यात गोळीबाराच्या सरावासाठी दारूगोळ्याची कमतरता ही एक मोठी बाब होती. हत्यार होते, गणवेश होता, हजेरी होती. हाताला सराव नव्हता. शूर माणसांनी जिवाची पर्वा न करता उणीव भरून काढली. त्या शौर्यापुढे नतमस्तक होताना एक गोष्ट मला बोचते. तुकाराम ओंबळे यांच्यासारख्या माणसाच्या हातात फक्त लाठी असताना त्याला अतिरेक्याची एके-४७ पकडावी लागणे, ही त्याच्या शौर्याची थोरवी आहे आणि आपल्या तपासणीचे अपयश आहे.

त्या रात्रीने किनाऱ्यावरची तपासणी बदलली, आणि इथे विषय पुन्हा आमच्या दाराशी येतो. अतिरेकी समुद्रमार्गे आले होते. त्याआधी १९९३ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या दिघी आणि शेखाडी इथे स्फोटके उतरवली गेली होती. २००८च्या हल्ल्यानंतर महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तटरक्षक दल, नौदल आणि सागरी पोलीस मिळून ‘सागर कवच’ नावाचा सराव करतात. १ ऑगस्ट २०१४पासून पालघर जिल्ह्यात असलेला आमचा किनारा या सरावाचा भाग आहेच. सरावात एक गट लाल होतो, शत्रू म्हणून बोटीतून येतो आणि किनाऱ्यावर उतरण्याचा, एखाद्या महत्त्वाच्या ठिकाणापर्यंत पोचण्याचा प्रयत्न करतो. दुसरा गट त्याला अडवतो. अर्नाळ्याच्या बंदरावर त्या काळात बोटींची तपासणी वाढते, नाक्यांवर गाड्या थांबतात, कोळी बांधवांना अनोळखी बोट दिसली तर कळवायला सांगितले जाते. जानेवारी २०१९ पासून ‘सी व्हिजिल’ हा देशभराच्या किनाऱ्यावरचा सरावही दर दोन वर्षांनी होतो.

सागर कवचच्या काळात नाक्यावर गाडी थांबली की आमच्याकडचे लोक कुरकुर करतात, आणि तुळिंजच्या रस्त्यावर लोकल पकडायला धावणाऱ्या माणसाची कुरकुर मला कळते. तरीही माझे मत ठाम आहे. या पुस्तकात वर्णन केलेल्या सगळ्या तपासण्यांत मला हा प्रकार सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण तो दुसरा प्रश्न विचारतो. नाक्यावर किती पोलीस आहेत हे तो विचारत नाही. लाल गट पोचला की नाही, एवढेच विचारतो. लाल गट पोचला तर ते आपले अपयश म्हणून लपवण्याची गोष्ट नाही. कुठल्या नाल्यातून, कुठल्या वेळी आणि कोणाच्या नजरेआडून तो पोचला हे कळले, ही त्या सरावाची कमाई आहे.

पुढची प्रकरणे या क्रमाने आहेत. पहिल्या भागात शिवकाल आणि पेशवाईतल्या हजेरी, गणती आणि झडतीची कागदपत्रे, त्यांतल्या शब्दांच्या खुलाशासह. दुसऱ्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातली मस्टर पद्धत आणि १७६८ पासूनच्या मराठा पलटणींची तपासणी. तिसऱ्यात आजची वार्षिक तपासणी: कोत, लेजर, शारीरिक चाचणी, तांत्रिक तपासणी, सैनिक संमेलन. चौथा भाग समुद्राचा आहे: नौदलाचे समुद्रातले प्रशिक्षण आणि तपासण्या, आणि किनारी सराव. वाचकाने हवे तर चौथ्या भागापासून सुरुवात करावी. वसई-विरार, डहाणू, पालघर भागातल्या वाचकाला तो जवळचा वाटेल, आणि अर्नाळ्याला जाऊन किल्ल्याच्या दरवाज्यावरचा शिलालेख पाहायचा असेल तर भरती-ओहोटीची वेळ आधी पाहून निघावे, कारण होडी भरतीच्या वेळी सोपी पडते आणि ओहोटीला उतरताना चिखलात पाय जातो.